व्यायाम, रोगप्रतिकारशक्ती आणि विषाणूंचे आजार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोज न चुकता चालायला जाणारा माणूस सर्दीने दोन दिवस आडवा झाला, की त्याला हमखास ऐकावं लागतं, "एवढा व्यायाम करून काय उपयोग?" दुसरीकडे तापाने फणफणलेला एखादा तरुण "घाम निघाला की बरं वाटेल" म्हणत बूट चढवतो आणि पळायला निघतो. व्यायाम केला की विषाणू अंगाला शिवणारच नाहीत, हीच समजूत दोन्हींच्या मुळाशी आहे. व्यायामाने शरीराची निगा राखली जाते, आणि त्या निगेत विश्रांतीही येते. हे नीट कळावं म्हणून काही उत्तरं मुद्दाम सविस्तर लिहिली आहेत.

व्यायामाने प्रतिकारशक्ती वाढते म्हणतात, म्हणजे आत नेमकं काय होतं?

आपल्या पांढऱ्या पेशींपैकी थोड्याच पेशी एका वेळी रक्तातून वाहत असतात. बाकीच्या पाणथरीत, लसीका ग्रंथींत, हाडांच्या मगजात, फुप्फुसांत मुक्काम ठोकून असतात. कित्येक तर रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटून बसलेल्या असतात. तुम्ही भरभर चालू लागता, नाडी वाढते, रक्ताला वेग येतो, ॲड्रेनालिन सुटतं आणि भिंतीला धरून बसलेल्या या पेशी सुटून प्रवाहात येतात.

सगळ्यात आधी बाहेर पडतात त्या नॅचरल किलर पेशी. ॲड्रेनालिनचा निरोप घेणारे ग्राहक त्यांच्या पृष्ठभागावर भरपूर असतात, म्हणून त्या पहिल्या हाकेला उठतात. काही मिनिटांतच रक्तातली त्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढते. विषाणू शिरलेली पेशी ओळखायची आणि मारून टाकायची, हे त्यांचं काम. त्यासाठी त्या विषाणूशी जुनी ओळख असावी लागत नाही. त्यांच्या पाठोपाठ निघतात त्या पूर्वी एखाद्या विषाणूशी लढलेल्या, अनुभवी टी पेशी.

व्यायाम थांबला की तासा-दोन तासांत या पेशी रक्तातून कमी होतात, अगदी सुरुवातीपेक्षाही खाली जातात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत आकडा मूळ जागी येतो. हे निरीक्षण नवं नाही. १९०१ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये धावलेल्यांचं रक्त तपासून पांढऱ्या पेशी वाढल्याची नोंद १९०२ मध्येच प्रसिद्ध झाली होती.

दुसरी गोष्ट स्नायूंची. काम करणारा स्नायू इंटरल्युकिन-६ नावाचा पदार्थ रक्तात सोडतो. आजारपणात याच पदार्थाचं नाव दाहाशी, म्हणजे शरीराच्या आतल्या सूज-जळजळीशी जोडलं जातं, पण स्नायूतून सुटल्यावर त्याच्या मागोमाग दाह शमवणारे पदार्थ वाढतात. वर्षानुवर्षं बैठं आयुष्य काढलेल्यांच्या, पोटावर चरबी साठलेल्यांच्या शरीरात एक मंद दाह कायम धुमसत असतो. तो कमी होणं हा नियमित व्यायामाचा मोठा फायदा आहे.

म्हणून 'वाढते' हा शब्द मला खटकतो. प्रतिकारशक्ती नुसती वाढली तर ॲलर्जी होते, संधिवातासारखे आजार होतात, शरीर स्वतःवरच उलटतं. व्यायामाने ती सुधारते, ताळ्यावर राहते, असं म्हणावं.

व्यायामानंतर पेशी कमी होतात, म्हणजे त्या वेळात संसर्ग पटकन होतो का?

बरीच वर्षं असंच मानलं जात होतं. केप टाउनमध्ये १९८२ साली ५६ किलोमीटरची शर्यत धावलेल्यांना नंतरच्या दोन आठवड्यांत काय त्रास झाला, हे विचारलं गेलं. ३३.३ टक्के धावपटूंनी सर्दी-घशाची लक्षणं सांगितली. त्यांच्याच सोबत राहणाऱ्या, पण न धावलेल्यांमध्ये हे प्रमाण १५.३ टक्के होतं. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी १२.९ टक्के आजारी पडले, तर तयारी करूनही न धावलेल्यांपैकी २.२ टक्के. यातून 'उघडी खिडकी' ही कल्पना आली : जबर व्यायामानंतर काही तास शरीराची खिडकी उघडी राहते आणि विषाणू आत शिरतात.

पुढे या कल्पनेला चांगलाच धक्का बसला. एक तर या पाहण्यांत लोकांनी स्वतः सांगितलेली लक्षणं मोजली होती, प्रयोगशाळेत विषाणू शोधला नव्हता. घसा खवखवला म्हणजे विषाणूच आहे असं नाही. तासन्‌तास तोंडाने कोरडी, थंड हवा ओढली तरी घसा धरतो, ॲलर्जीनेही धरतो. खेळाडूंच्या घशाचे नमुने खरोखर तपासले तेव्हा बऱ्याच जणांत जंतू सापडलाच नाही. दुसरं म्हणजे रक्तातून कमी झालेल्या पेशी मेलेल्या नसतात. त्यातल्या बऱ्याच फुप्फुसं, आतडी, हाडांचा मगज अशा ठिकाणी गेलेल्या असतात, म्हणजे जिथे जंतूशी गाठ पडण्याची शक्यता असते तिथेच. पोलीस चौकीत कुणी दिसत नाही म्हणून पोलीस नोकरी सोडून गेले असं कुणी म्हणत नाही. ते गस्तीवर असतात. २०१८ मध्ये कॅम्पबेल आणि टर्नर या दोन शास्त्रज्ञांनी हा सगळा पुरावा मांडून जुन्या समजुतीचा जोरदार प्रतिवाद केला.

वाद पूर्ण मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर मॅरेथॉननंतर आजारी पडणाऱ्याने आधी बाकीच्या गोष्टी तपासाव्यात : आदल्या रात्रीची अपुरी झोप, प्रवास, हजारोंची गर्दी, स्पर्धेची धास्ती, पोटात पुरेसं अन्न नसणं. अर्धा-पाऊण तास चालणाऱ्या माणसाने तर या खिडकीची चिंता सोडूनच द्यावी.

नियमित व्यायाम करणाऱ्यांना सर्दी-पडसं कमी होतं का?

याचं उत्तर सरळ 'हो' असं देता येत नाही. अमेरिकेत १,००२ प्रौढांवर १२ आठवडे लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०११ मध्ये छापून आला. आठवड्यातून पाच किंवा जास्त दिवस व्यायाम करणाऱ्यांचे आजारपणाचे दिवस, जवळपास न हलणाऱ्यांपेक्षा ४३ टक्के कमी होते. ऐकायला छान वाटतं. पण व्यायाम करणारा माणूस बहुधा झोपतोही वेळेवर, सिगारेटही ओढत नाही, खातोही बरं. मग श्रेय नक्की कुणाचं?

म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोग जास्त मोलाचे. अशा १४ प्रयोगांचा, एकूण १,३७७ माणसांचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये घेतला. व्यायामाने सर्दी होण्याची संख्या घटल्याचं त्यात दिसलं नाही. झालेल्या सर्दीची तीव्रता मात्र कमी होत असावी, असं दिसलं. हा पुरावाही फार पक्का नाही, हे त्यांनी स्वतःच नोंदवलं आहे. तेव्हा व्यायाम करूनही सर्दी झाली तर तुमचं काही चुकलेलं नाही.

कोविडसारख्या गंभीर आजारात तरी फरक पडतो का?

इथे चित्र बरंच स्पष्ट आहे. कॅलिफोर्नियातल्या ४८,४४० कोविड रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आधीची दोन वर्षं सातत्याने आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करणाऱ्यांशी तुलना केली, तर सातत्याने बैठ्या राहिलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची शक्यता २.२६ पट आणि मृत्यूची शक्यता २.४९ पट होती. हाही निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, पण वय, वजन, मधुमेह वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही फरक उरला. थोडक्यात, विषाणू अंगात शिरतो की नाही यापेक्षा शिरल्यावर शरीर ते कितपत निभावतं, यावर व्यायामाचा प्रभाव जास्त दिसतो. चांगली फुप्फुसं, धट्टंकट्टं हृदय, ताब्यात असलेली साखर ही आजारपणात खर्चायची शिल्लक आहे, आणि ती आजारी पडण्याआधीच साठवावी लागते.

किती आणि कुठला व्यायाम करावा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनेनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम करावा, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागणं. चालणं, सायकल, पोहणं, जिने, दोरीच्या उड्या, काहीही चालेल. प्रतिकारशक्तीसाठी म्हणून वेगळा असा व्यायाम नाही. तसं सांगून कुणी वर्ग विकत असेल तर पैसे वाचवा.

सर्दी झाली आहे, पण ताप नाही. व्यायाम करू का?

खेळाडूंचे डॉक्टर एक सोपा नियम वापरतात : लक्षणं मानेच्या वर की खाली? नाक वाहतंय, शिंका येताहेत, घसा थोडा खवखवतोय, एवढंच असेल तर हलकं चालायला हरकत नाही. दहा मिनिटं करून बघा. बरं वाटलं तर पुढे जा, डोकं जड झालं तर घरी परता. सर्दीचा एक विषाणू, रायनोव्हायरस, मुद्दाम नाकात सोडून घेतलेल्या स्वयंसेवकांवर १९९८ मध्ये एक प्रयोग झाला. त्यात मध्यम व्यायाम चालू ठेवलेल्यांची सर्दी वाढलीही नाही आणि लांबलीही नाही.

मानेच्या खाली काही असेल, म्हणजे छातीत कफ, खोल खोकला, अंगदुखी, जुलाब, तर व्यायाम बंद. नियम ढोबळ आहे, पण दारात उभं राहून निर्णय घ्यायला पुरेसा आहे. आणि सर्दी असताना दुसऱ्यांच्या शेजारी बसून धापा टाकायच्या नाहीत, एवढं भान ठेवा.

घाम काढला की ताप उतरतो, हे खरं आहे का?

नाही. या एका प्रश्नाचं उत्तर तरी प्रत्येकाने वाचावं, अशी माझी कळकळ आहे.

तापात शरीराचं तापमान आधीच वर गेलेलं असतं, पाणी कमी झालेलं असतं आणि प्रत्येक अंश सेल्सियसमागे नाडी मिनिटाला साधारण दहा ठोक्यांनी वाढलेली असते. त्यात पळायला लागलात की स्नायू आणखी उष्णता तयार करतात. म्हणजे घामाने ताप 'निघत' नाही, उलट हृदयावर दुहेरी ओझं पडतं.

विषाणूच्या संसर्गात कष्ट किती महागात पडू शकतात, हे पोलिओने दाखवून दिलं. गेल्या शतकात १९४० च्या दशकात ब्रिटिश डॉक्टर रिची रसेल यांनी पोलिओच्या रुग्णांचे सुरुवातीचे दिवस बारकाईने तपासले. ताप, डोकेदुखी, मान आखडणं सुरू झाल्यावरही जे खेळत राहिले, कामाला जुंपलेले राहिले, त्यांना लुळेपणा जास्त तीव्र आला. जे लगेच अंथरुणात पडून राहिले ते तुलनेने बचावले. पुढे १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॉक्सॅकी विषाणूचा संसर्ग केलेल्या उंदरांना जबरदस्तीने पोहायला लावलं, तेव्हा त्यांच्या हृदयात विषाणू शेकडो पटींनी वाढला आणि हृदयाची हानी खूपच वाढली.

माणसांतही फ्लू, कोविड, कॉक्सॅकी अशा विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला दाह होऊ शकतो. त्याला मायोकार्डायटिस म्हणतात. तो फार जणांना होत नाही, पण तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूच्या कारणांत त्याचं नाव येतं, आणि त्या वेळी जोराचा व्यायाम जिवावर बेततो. तापात किंवा तापानंतर छातीत दुखलं, धडधड वाढली, पायऱ्या चढताना पूर्वी कधी लागली नव्हती एवढी धाप लागली किंवा चक्कर येऊन पडलात, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ईसीजी काढा. मायोकार्डायटिस निघाला तर खेळाडूंना सहसा तीन ते सहा महिने जोराच्या खेळापासून दूर ठेवतात.

एक तापाचा आठवडा फुकट गेला म्हणून कमावलेलं शरीर वाया जात नाही. मॅच आहे, स्पर्धा आहे, ट्रेनर ओरडतो, ही कारणं त्या आठवड्यात बाजूला ठेवा.

ताप गेल्यावर कधी सुरू करायचं?

तापाची गोळी न घेता किमान पूर्ण एक दिवस ताप नाही, जेवण पोटात राहतंय, घरातली कामं करून थकवा येत नाही, इथून सुरुवात. आधी दहा-पंधरा मिनिटं सपाटीवर चालणं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कसं वाटतं, त्यावर पुढचं ठरवा. जितके दिवस आजारी होतात, निदान तितके दिवस पूर्वपदावर यायला द्या. रुग्णालयात राहून आलात, ऑक्सिजन लागला होता किंवा हृदयाचा जुना आजार आहे, तर डॉक्टरांना विचारूनच. ग्रंथींचा ताप, म्हणजे एप्स्टाइन-बार विषाणूचा मोनोन्यूक्लिओसिस झाला असेल तर पाणथरी सुजलेली असते आणि धक्क्याने फुटू शकते. निदान तीन आठवडे तरी धक्काबुक्कीचे खेळ आणि जड वजनं नकोत.

जिममधून संसर्ग पसरतो का?

हो, आणि व्यायाम जितका जोराचा तितका जास्त. म्युनिकमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, स्वस्थ बसलेला माणूस श्वासावाटे मिनिटाला सरासरी ५८० सूक्ष्म कण सोडत होता. दम निघेपर्यंत सायकल मारल्यावर तोच आकडा ७६,२०० झाला, म्हणजे सुमारे १३२ पट. मध्यम व्यायामापर्यंत वाढ हळू असते, त्यानंतर ती एकदम उसळते.

दक्षिण कोरियातल्या चेओनान शहरातली २०२० सालची घटना यासंदर्भात डोळ्यांसमोर आणावी अशी आहे. सुमारे ६० चौरस मीटरच्या खोल्या, ५० मिनिटांचे नाचत करायचे व्यायामवर्ग, एका वर्गात ५ ते २२ जणी. प्रशिक्षकांमार्फत कोविड एका केंद्रातून दुसऱ्यात गेला आणि १२ केंद्रांशी जोडलेले ११२ रुग्ण निघाले. त्याच सुमारास संसर्ग झालेल्या एका प्रशिक्षिकेने पिलाटेस आणि योगाचे वर्गही घेतले होते. त्यातल्या ७-८ विद्यार्थिनींपैकी कुणालाच लागण झाली नाही. वर्ग लहान होता आणि श्वास संथ होता.

म्हणून साथीच्या दिवसांत खुल्या हवेत व्यायाम करा. बंद खोलीत करायचा तर खिडक्या सताड उघड्या हव्यात, माणसं कमी हवीत. हँडल पुसणं, हात धुणं चांगलंच, पण श्वासाचे विषाणू मुख्यतः हवेतून पसरतात. एसी म्हणजे ताजी हवा नव्हे. बहुतेक एसी आतलीच हवा फिरवत राहतात.

लस घेतल्यावर व्यायाम चालतो का?

ताप, कणकण नसेल तर चालतो, आणि कदाचित थोडा उपयोगही होतो. अमेरिकेतल्या आयोवामध्ये केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात फ्लूची किंवा कोविडची लस टोचून घेतल्यावर ९० मिनिटं हलकं-मध्यम चालणं किंवा सायकल केलेल्यांत चार आठवड्यांनी अँटिबॉडी जास्त दिसल्या. ४५ मिनिटांनी हा फरक दिसला नाही. एवढ्यावरून दीड तास चालण्याचा नियम मी करणार नाही. वयस्कर माणसांत मात्र महिनोन्‌महिने केलेल्या नियमित व्यायामाने फ्लूच्या लसीचं संरक्षण जास्त काळ टिकल्याचं दिसलं आहे.

वय झाल्यावर सुरू करून उपयोग आहे का?

आहे. वयाबरोबर छातीतली थायमस ग्रंथी आकसत जाते आणि नव्या टी पेशी कमी तयार होतात. ब्रिटनमध्ये आयुष्यभर लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्या ५५ ते ७९ वयाच्या १२५ जणांची तपासणी झाली. निष्कर्ष २०१८ मध्ये आले. त्यांच्या रक्तात थायमसमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या टी पेशी तरुणांइतक्या होत्या. अर्थात ते आयुष्यभराचे सायकलस्वार होते. पण साठीनंतर ताई-ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम शिकलेल्यांतही नागिणीच्या विषाणूविरुद्धचा प्रतिसाद सुधारल्याचं २००७ मध्ये दिसलं होतं, आणि ताई-चीत घामही फारसा येत नाही.

प्रोटीन पावडर, व्हिटॅमिन सी, इम्युनिटी बूस्टर घ्यावेत का?

बहुतेकांना गरज नाही. व्हिटॅमिन सी रोज घेऊन सामान्य माणसाच्या सर्दीची संख्या कमी होत नाही. मॅरेथॉन धावणारे, बर्फातले स्कीअर, कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक अशा थोड्या जणांत ती जवळपास निम्म्यावर आलेली दिसली आहे, बस.

झोप मात्र घ्या. २०१५ च्या एका प्रयोगात १६४ जणांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला गेला. रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांपेक्षा चौपटीहून अधिक होती. पहाटे साडेचारला उठून व्यायाम करायचा आणि रात्री बाराला झोपायचं, हा सौदा तोट्याचा आहे.

विषाणूचा आजार होऊन महिने झाले. थोडं चाललं तरी दोन दिवस उठवत नाही. हळूहळू वाढवू का?

आधी थांबा. कोविड किंवा दुसऱ्या विषाणूच्या तापानंतर काही जणांना असा थकवा मागे लागतो, की श्रम केल्यावर त्याच दिवशी नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळं कोसळतं : अंग दुखतं, डोकं चालत नाही, झोपूनही ताजंतवानं वाटत नाही. घरचे म्हणतात आळस, आणि रुग्ण बिचारा स्वतःला ढकलत राहतो, आणखी खाली जातो. हा आळस नव्हे. दीर्घ कोविडच्या अशा रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे व्यायामाच्या आधी आणि नंतर तपासले, तेव्हा व्यायामानंतर स्नायूंची हानी वाढलेली दिसली. ते संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. अशा दीर्घ थकव्याच्या आजारात ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये आपल्या सूचनांतून काढून टाकला.

यात ताकद पुरवून वापरावी लागते. आज जेवढं जमतं त्याच्या थोडं आत राहायचं, बरं वाटलेल्या दिवशीही. आंघोळ, स्वयंपाक, फोनवरचं लांब बोलणं हेही श्रमच धरा. एक वही करा : किती चाललात, काय कामं केली आणि पुढचे दोन दिवस कसे गेले. दोन-तीन आठवड्यांची पानं भरली की ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.